मुक्काम पोस्ट बोनात्ती

(स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



संयोजकांनी मला दहा मिनिटं दिली आहेत आणि विषय सुचवला होता ‘कृत्रिम बुद्धिमत्ता आणि आपण’. तो मी नम्रपणे परत केला. वर्षभर ऑफिसात तेच ऐकते, इथे तरी सुटका हवी. त्याऐवजी गेल्या जुलैत आपल्याच वर्गातल्या आम्ही तिघींनी डोंगरात एक रात्र काढली, तिच्याविषयी बोलणार आहे. तिघींतली एक समोर तिसऱ्या रांगेत बसली आहे. दुसरी चहाची व्यवस्था बघते आहे, म्हणजे चहाला उशीर झाला तर कोणाला बोलायचं ते तुम्हाला कळलं.

माँ ब्लाँ हा आल्प्समधला सर्वात उंच डोंगर, ४,८०० मीटरहून थोडा जास्त. आम्ही त्यावर चढलो नाही, गैरसमज नको. त्याच्याभोवती सुमारे १७० किलोमीटरची पायवाट आहे. फ्रान्स, इटली आणि स्वित्झर्लंड अशा तीन देशांतून फिरून ती पुन्हा सुरुवातीला येते. आपल्या भाषेत डोंगराची प्रदक्षिणाच. पूर्ण करायला दहा-अकरा दिवस लागतात. आम्हाला रजा सहा दिवसांची, म्हणून प्रदक्षिणा अर्धीच घातली.

या वाटेवर रोज संध्याकाळी गाव लागेलच असं नसतं. मग राहायचं डोंगरावरच्या ‘हट’मध्ये. हट म्हटल्यावर झोपडी डोळ्यांसमोर येते. माझ्या सासूबाईंनी तर जाताना प्लास्टिकचा कागद बांधून दिला होता. पण हे चांगलं दगडी, दोन मजली प्रकरण असतं. इटालियनमध्ये त्याला ‘रिफ्यूजिओ’ म्हणतात, म्हणजे आसरा. आल्प्समध्ये ही पद्धत फार जुनी. ग्रेट सेंट बर्नार्ड खिंडीत, २,४६९ मीटरवर, साधूंनी अकराव्या शतकात वाटसरूंसाठी धर्मशाळा काढली, ती आजही चालू आहे. बर्फात चुकलेल्या माणसांना शोधणारी ती प्रसिद्ध कुत्री तिथलीच. पुढे १८६३मध्ये स्वित्झर्लंड आणि इटली दोन्हीकडे गिर्यारोहकांचे क्लब स्थापन झाले आणि त्यांनी डोंगरोडोंगरी असे आसरे बांधायला घेतले. सगळेच काही क्लबांचे नाहीत, खासगीही पुष्कळ आहेत.

आमचा मुक्काम होता रिफ्यूजिओ बोनात्तीत. उंची २,०२५ मीटर. वाल्टर बोनात्ती या इटालियन गिर्यारोहकाचं नाव त्याला दिलं आहे. समोर दरीपलीकडे ग्रांद जोरास नावाची ४,२०८ मीटरची भिंत उभी. कुरमायोर गावातून सकाळी निघालो. पहिला चढ आठशे मीटरचा, आणि तो एका दमात. (एका दमात म्हणजे त्यांच्या. आमचे किती दम लागले ते मोजले नाहीत.) पुढे मात्र वाट डोंगराच्या कुशीतून जवळजवळ सपाट जाते, गॅलरीतून चालल्यासारखी. डावीकडे सतत हिमनद्या दिसतात. आल्प्समध्ये जुलैत दुपारनंतर ढग चढतात आणि विजा होतात, म्हणून शहाणी माणसं तीनच्या आत मुक्कामाला पोचतात. आम्ही पावणेतीनला पोचलो.

आता तिथली शिस्त. दारातच बूट काढायचे, ते रॅकवर ठेवायचे आणि तिथल्या रबरी सपाता घालायच्या. हे नियम आपल्याला कोणी शिकवायला नको, पण एक जर्मन गृहस्थ सपातांत घुटमळत होते. काठ्या बाहेर. अंगावर घ्यायला रजया मिळतात, पण आत शिरायची पातळ सुती पिशवी आपली आपण न्यायची. अंघोळीला टोकन. ते टाकलं की काही मिनिटं गरम पाणी येतं आणि मग डोक्याला साबण असला तरी थांबतं. रात्री दहाला दिवे बंद. झोपायला मोठी खोली, दुमजली फळ्या, शेजारी कोण आहे हे आपल्या हातात नाही. बाई आणि पुरुष वेगळे नाहीत. कंपनीचा संचालक असो की कॉलेजातलं पोर, गादी तेवढीच.

आणि काउंटरवर एक वही. तिथली मुलगी नाव विचारते, पासपोर्ट बघते आणि पुढे विचारते, “आज कुठून आलात? उद्या कुठे जाणार?” मला वाटलं, सहज गप्पा मारते आहे. पण ती ते लिहून घेत होती. उद्या आम्ही पुढच्या मुक्कामी पोचलो नाही, तर शोध कुठून सुरू करायचा, हे त्या दोन ओळींवरून ठरतं.

मला आठवली नववीची राजगडाची सहल. पद्मावतीच्या देवळात आपण मुली दाटीवाटीनं झोपलो होतो, मुलं बाहेर. बाईंनी बॅटरी घेऊन रात्रीतून तीनदा आपल्याला मोजलं. तिसऱ्या खेपेला कोणाच्या तरी तोंडावर उजेड पडला आणि ती झोपेतच “हजर!” म्हणाली. बाई, तुम्ही तेव्हा तिशीच्याही नव्हता, हे मला आता हिशेब केल्यावर कळतं.

जेवण सातला, सगळ्यांना एकदम. लांब टेबलं, प्रत्येक जागेवर नावाची चिठ्ठी. सूप, मग पोलेंटा, म्हणजे आपली मक्याच्या पिठाची उकडच. आम्ही शाकाहारी आहोत हे आरक्षण करतानाच कळवलं होतं, त्यामुळे आमच्या उकडीवर चीज आलं. आम्ही लसणाची चटणी काढली आणि टेबलावर फिरवली. तोवर बाहेर अंधारून आलं होतं आणि पाऊस पत्र्यावर बदडत होता. ऐंशीच्या आसपास माणसं, ओल्या लोकरीचा वास आणि पाच-सहा भाषांचा गोंगाट.

आमच्या समोरची खुर्ची रिकामी होती. चिठ्ठी होती, माणूस नव्हता.

सव्वासातला काउंटरवरची मुलगी येऊन ती चिठ्ठी वाचून गेली. मग फोनवर दिसली. आधीच्या आसऱ्यात विचारलं असणार. परत येऊन तिनं आमच्या टेबलाला इंग्रजीत विचारलं, “वाटेत साठीच्या पुढचे, एकटे, लाल सॅकवाले कोणी दिसले का?” ते तिथून दोनला निघाले होते. अडीच-तीन तासांची वाट. आम्हाला कोणी दिसलं नव्हतं. शेजारच्या टेबलावरच्या एकाला दिसले होते, पावसाच्या आधी. तिनं ती वेळ लिहून घेतली. मग स्वयंपाकघरातला एक मुलगा रेनकोट चढवून, डोक्याला दिवा लावून वाटेवर बघायला गेला.

माझ्या कामात हेच असतं. प्रत्येक सर्व्हर दर काही सेकंदांनी ‘मी आहे’ म्हणून कळवतो. कळवलं नाही की कोणाचा तरी फोन वाजतो, बरेचदा माझा, रात्री तीनला. पण तिथे गेलंच तर एक मशीन जातं.

इथे मला तिसऱ्या रांगेतल्या मैत्रिणीबद्दल सांगायचं आहे. तिची परवानगी घेतली आहे. चार वर्षांपूर्वी तिचे यजमान कामावरून घरी यायला निघाले आणि पोचले नाहीत. घाटात अपघात झाला होता. तिला कळलं रात्री अडीचला. आठ ते अडीच ती जेवणाचं झाकून टेबलापाशी बसून होती. ‘उशीर होतो माणसाला,’ असं म्हणत सगळ्यांनी तिला धीर दिला, आणि तो धीर तिला अजून आठवतो. तेव्हापासून घरातला शेवटचा माणूस आत आल्याशिवाय तिला झोप नाही. मुलगा एकोणीस वर्षांचा आहे, म्हणजे तो आत कधी येणार हे तुम्हीच ठरवा. गोळ्या झाल्या, योगासनं झाली. या सहलीला तिला आम्ही जवळजवळ ओढून नेलं होतं.

त्या रिकाम्या खुर्चीसमोर तिनं चमचा खाली ठेवला. मी म्हटलं, “अगं, जेवून घे.” ती म्हणाली, “तू जेव.” एवढंच. पोलेंटा थिजला. मुलीनं येऊन तिची ताटली बघितली, खुर्ची बघितली, आणि ताटली न उचलता गेली. त्याबद्दल त्या पोरीचे मी आजन्म आभार मानीन.

साडेआठ झाले. नऊ झाले. लोक पत्ते खेळत होते, पण दार वाजलं की सगळ्यांच्या माना वळत होत्या. कोणी “येतील हो” म्हणालं नाही.

सव्वानवाला दार उघडलं. आधी स्वयंपाकघरातला मुलगा आत आला, त्याच्या पाठीवर लाल सॅक, आणि मागून निथळत एक उंच, पांढऱ्या केसांचे फ्रेंच गृहस्थ. विजा चमकायला लागल्यावर ते उघड्या वाटेवर न थांबता खाली उतरून गुराख्याच्या पडक्या दगडी खोपटात बसले होते. अगदी बरोबर केलं, असं मुलगी म्हणाली. फोनची बॅटरी संपलेली. लोकांनी टाळ्या वाजवल्या, त्यांना कसंनुसं झालं. त्यांच्यासाठी सूप ठेवलेलं होतंच.

ते समोर येऊन बसले. आमच्या मैत्रिणीनं त्यांना पहिला प्रश्न विचारला तो इंग्रजीत, “घरी फोन केलात?” त्यांना कळेना. तिनं कानाशी हात नेऊन दाखवला, मग सॅकमधून पॉवर बँक काढून त्यांच्यापुढे सरकवली. पाच मिनिटांनी ते बायकोशी बोलत होते. फ्रेंच आम्हाला येत नाही, पण पलीकडून आधी रागावणं आणि मग रडणं चाललं होतं, त्याला भाषा लागत नाही. आमची मैत्रीण तेवढा वेळ खिडकीकडे तोंड करून उभी होती. मग बसून तिनं थंड पोलेंटा चीजसकट संपवला.

दहाला काउंटरवरच्या मुलीनं यादीवर शेवटची खूण केली आणि आत स्वयंपाकघराकडे बघून म्हणाली, “तुत्ती.” मैत्रिणीनं मला विचारलं, “काय म्हणाली?” मी म्हटलं, “सगळे आले.”

“चला,” ती म्हणाली. वरच्या फळीवर चढली, भिंतीकडे तोंड केलं आणि झोपली. चौदा माणसांच्या खोलीत, जोडीला दोन घोरणारे, ती सकाळी सहापर्यंत हलली नाही. मी मात्र जागी होते. घोरणाऱ्यांतली एक तीच होती.

घरी परतल्यावर सगळं सुरळीत झालं, असं मी सांगणार नाही. मुलगा उशिरा येतो, ती जागी असते. पण आता मुलगा निघताना फ्रिजवरच्या पाटीवर दोन ओळी लिहितो, कुठून आणि कुठे. आधी कुरकुरला, आता लिहितो. ती म्हणते, दोन ओळींनी तासभर तरी झोप वाढली.

दुसऱ्या दिवशी २,५३७ मीटरची ग्राँ कोल फेरे खिंड ओलांडून स्वित्झर्लंडमध्ये उतरायचं होतं. चहावालीचा गुडघा सुजला होता. तिनं दरीत उतरून बसनं कुरमायोरला परत जायचं ठरवलं, आम्ही दोघी सहालाच आवरून खिंडीकडे निघालो. वहीत तिच्यापुढे वेगळी ओळ लिहिली गेली, आमच्यापुढे वेगळी.

आता कामाचं. पुढच्या जूनमध्ये उरलेली अर्धी प्रदक्षिणा करायची आहे. सहा जागा आहेत. हे आसरे महिनोन्‌महिने आधी भरतात, त्यामुळे महिनाअखेर नावं हवीत. दिवसाला सहा-सात तास चालायची सवय लागेल; जानेवारीपासून दर रविवारी सिंहगड, पायथ्याशी सकाळी साडेसहाला. पिठलं-भाकरी वर पोचल्यावरच. नावनोंदणीची वही चहाच्या टेबलावर ठेवली आहे. नावापुढे आपण घोरतो की नाही, तेही प्रामाणिकपणे लिहावं.