दुसरी संगणकभाषा आणि कामगारांची मुले



व्याख्यानमालेच्या चालकांनी आम्हांला निमंत्रण दिले तेव्हा आम्ही कंत्राटी पद्धतीवर बोलू अशी त्यांची अपेक्षा असावी. त्या विषयावर आम्ही वर्षभर गेटसभांतून बोलतच असतो. आज आम्ही विद्यापीठात शिकविल्या जाणाऱ्या दुसऱ्या संगणकभाषेविषयी बोलणार आहोत. आमचे शाळेतले शिक्षण नववीत संपले. पुढचे सारे युनियनच्या कचेरीत, रात्री, सभासदांच्या मुलांच्या उसन्या पुस्तकांतून मिळविलेले. तेव्हा प्राध्यापक मंडळींनी सांभाळून घ्यावे.

हा विषय आमचा कसा, ते आधी सांगतो. आमच्या सभासदांची मुले आज बीसीएला आणि अभियांत्रिकीला जातात. बाप बदलीवर कामाला, आई कुठे डबे करते, आणि फीचे हप्ते चालू. मुलगा सी प्लस प्लस ही पहिली वस्तुकेंद्री भाषा, म्हणजे ज्याला ऑब्जेक्ट ओरिएंटेड म्हणतात ती, शिकतो आणि पास होतो. पुढे जावा येते. सगळे त्याला सांगतात, एक आली की दुसरी आपोआप येते. आणि नेमका तेथेच तो अडतो. पहिल्या भाषेत अडलेला मुलगा विषयाला दोष देतो. दुसऱ्या भाषेत अडलेला मुलगा स्वतःला मठ्ठ समजतो. अशी दोन-तीन मुले शिक्षण सोडून गोदामात मालाची नोंद करण्याच्या कामाला लागलेली आम्ही पाहिली आहेत. ती मठ्ठ नव्हती.

वस्तुकेंद्री पद्धत म्हणजे काय? आमच्या युनियनचेच उदाहरण घ्या. सभासदाचे नाव, त्याची थकबाकी, आणि त्या थकबाकीवर कोणकोणते व्यवहार करता येतील त्याचे नियम, हे सारे एकाच ठिकाणी बांधून ठेवायचे. बाहेरच्याने थकबाकीच्या आकड्याला परस्पर हात लावायचा नाही. वर्गणी भरण्याच्या ठरलेल्या वाटेनेच जायचे. चांगल्या खजिनदाराला हे शिकवावे लागत नाही.

ह्या पद्धतीचा उगम नॉर्वेतला. ओस्लो येथील नॉर्वेजियन संगणन केंद्रात ओले-योहान डाल आणि क्रिस्टेन न्यूगार्ड ह्या दोघांनी 1967 साली सिम्युला ही भाषा सिद्ध केली. हे न्यूगार्ड पुढे 1970 नंतरच्या काही वर्षांत तेथील लोखंड व धातू कामगारांच्या युनियनबरोबर काम करीत होते. कारखान्यात येणारे संगणक कामगाराच्या हिताचे की अहिताचे, हे कामगारांनी स्वतः अभ्यासावे, हा त्या कामाचा हेतू. त्यातून 1975 साली तेथील कामगार महासंघ व मालक ह्यांच्यात करार झाला, आणि नव्या यंत्रणेची माहिती मिळण्याचा व त्यासाठी स्वतःचा प्रतिनिधी निवडण्याचा हक्क कामगारांस मिळाला. तेव्हा ही विद्या आमची नव्हे, असे आम्हांस कोणी सांगू नये. डाल व न्यूगार्ड ह्यांना 2001 सालचा ट्यूरिंग पुरस्कार मिळाला. 2002 मध्ये दोघेही वारले. केंब्रिजला शिकताना सिम्युला वापरलेल्या स्ट्रूस्ट्रुप ह्यांनी 1979 मध्ये सी प्लस प्लसची सुरुवात केली, आणि 1995 साली आलेल्या जावाने आपले बाह्यरूप बरेचसे तिच्यावरून घेतले. दोघी एकाच घरच्या, म्हणून चेहरामोहरा एक. अडचण तेथेच आहे.

नागपूरकराला हे समजायला फार वेळ लागू नये. 1956 पर्यंत आपले शहर हिंदी आणि मराठी अशा दोन भाषांच्या प्रांताची राजधानी होते, आणि बाजारात आजही दोन्ही चालतात. हिंदीत कोणी ‘मैंने चेष्टा की’ म्हणाला तर त्याने प्रयत्न केलेला असतो. मराठीत चेष्टा केली म्हणजे थट्टा केली. मुलगा हिंदी शाळेत गेला तर त्याला शिक्षा मिळते, आणि मराठी आजी घाबरते! तमिळ शिकणारा मराठी माणूस असा फसत नाही, कारण तेथे शब्दच अनोळखी असतो आणि तो सावध असतो. ओळखीचा शब्द माणसाला गाफील ठेवतो.

आमच्या कचेरीत संध्याकाळी मुले अभ्यासाला बसतात. त्यांतील एकाने सभासदांची यादी जावामध्ये तयार केली. थकबाकीदार वगळून दुसरी यादी हवी होती. त्याने ‘दुसरी यादी बरोबर पहिली यादी’ असे लिहिले आणि दुसरीतून नावे काढली. पाहतो तो पहिलीतूनही नावे गेलेली! चार संध्याकाळी तो चूक शोधीत होता. वस्तुतः सी प्लस प्लसमध्ये त्याने लिहिलेले बरोबर ठरले असते. तेथे त्या चिन्हाने यादीची नक्कल होते. दोन कारकुनांजवळ दोन वह्या. जावामध्ये नक्कल होत नाही, दुसऱ्या कारकुनाला त्याच कपाटाची दुसरी किल्ली मिळते. चिन्ह तेच, अक्षरे तीच, अर्थ मात्र चेष्टेसारखा पालटलेला. ही गोष्ट पुस्तकात नसते असे नाही. पण ती इतक्या पुढच्या पानावर आणि इतक्या बारीक टिपेत असते की, गरजेच्या वेळी सापडत नाही.

दुसरे एक. सी प्लस प्लसमध्ये मागून घेतलेली जागा काम झाल्यावर आपणच परत करायची. जावामध्ये झाडूवाला नेमलेला असतो. ज्या वस्तूपर्यंत कोणाचाच हात पोहोचत नाही ती तो उचलून नेतो. मुलांना वाटते, आता काळजी नाही. परंतु जुन्या पावत्या तुम्ही कुठल्याशा यादीत धरून ठेवल्या तर झाडूवाला त्यांना शिवत नाही, आणि उघडलेली फाइल वेळेवर मिटण्याचे कामही तो तुमच्यासाठी करीत नाही. वारशाचे, म्हणजे एका वर्गाने दोन वर्गांपासून गुण घेण्याचे, नियमही दोहोंत वेगळे आहेत. त्यात आज शिरत नाही.

आता आमच्या धंद्यातले सांगतो. जमशेटजी टाटांनी 1877 साली नागपुरात एम्प्रेस मिल सुरू केली. लँकेशायरचा भर म्यूल यंत्रावर असताना 1880 नंतरच्या काही वर्षांतच येथे रिंग यंत्रे चालवून पाहिली गेली. म्यूलमध्ये गाडा बाहेर येताना सूत ओढून पीळ बसतो आणि परत जाताना ते गुंडाळले जाते; रिंगमध्ये पीळ देणे आणि गुंडाळणे अखंड चालते. चाती दोन्हीकडे आहे, पण हाताची सवय वेगळी. जुन्या हाताने नव्या यंत्रावर काम केले की धागा तुटतो. मात्र दोन्ही यंत्रे चालविलेल्याला पीळ म्हणजे काय ते कळते. एकच चालविणाऱ्याला फक्त यंत्र कळते. ती गिरणी 2002 मध्ये बंद झाली, आणि ज्यांना केवळ आपले खातेच ठाऊक होते त्यांचे हाल आम्ही जवळून पाहिले. संगणकभाषेचेही मालक बदलतात. जावा सन कंपनीची होती, 2010 मध्ये ती ओरॅकलकडे गेली. ज्या पोराला एकच भाषा येते, तो त्या भाषेच्या बाजारभावाला बांधला जातो.

म्हणून दुसरी भाषा हीच खरी शिकण्याची जागा आहे असे आमचे मत आहे. पण ती शिकविली कशी जाते? पुन्हा पहिल्या धड्यापासून: बेरीज करा, सम-विषम ओळखा. जे मुलाला येते त्यावर महिना जातो आणि जे पालटले आहे त्याला अर्धा तास मिळतो. मग परीक्षेत प्रश्न येतो: दोन भाषांतील दहा फरक लिहा. मुलगा दहा फरक घोकून लिहितो, गुण मिळवितो, आणि प्रयोगशाळेत त्याची यादी पुसली जाते. आमची मागणी मोठी नाही. पहिले दोन आठवडे, पहिल्या भाषेत लिहिलेला तोच कार्यक्रम दुसरीत उतरवून घ्यावा, तो कुठे मोडतो ते मुलांनाच शोधू द्यावे, आणि परीक्षेत फरकांच्या यादीऐवजी एक मोडका कार्यक्रम देऊन तो दुरुस्त करावयास सांगावे. ह्यासाठी नवी इमारत लागत नाही, नवे अनुदानही लागत नाही.

ह्या मजकुराचा अर्ज आम्ही विद्यापीठाच्या अभ्यासमंडळाकडे देणार आहोत. त्याची प्रत बाहेर पुस्तकांच्या टेबलावर ठेवली आहे. प्राध्यापकांनी त्यातील तांत्रिक भाग तपासून द्यावा आणि पालकांनी वाचून मगच सही करावी. ज्यांच्या मुलांची जावाची परीक्षा उन्हाळ्यात आहे, त्यांनी त्यांना संध्याकाळी सातनंतर युनियनच्या कचेरीत पाठवावे. येताना पहिल्या वर्षाची सी प्लस प्लसची वही आणावी, ती रद्दीत घालू नये.