लाकडी ठशातील नट

सुरतेचे नाव निघताच जरीची आणि छापील कापडाची आठवण व्हावी, हे स्वाभाविकच आहे. सतराव्या शतकात या शहरी डच व्यापाऱ्यांची वखार होती. डचांच्या जहाजांतून हिंदुस्थानी कापड जपानच्या नागासाकी बंदरी जाई आणि जपानी तांबे सुरतेच्या बाजारात येई. आपल्या छापील कापडास जपानी लोक 'सारासा' म्हणत. त्याच जपानात, एदो म्हणजे आजच्या तोक्यो शहरी, लाकडी ठशांवर एक निराळी कला बहरास आली. ती म्हणजे काबुकी नटांची चित्रे होत.

चित्रकाराने रेखाटावे, कोरणाऱ्याने ते चेरीच्या फळीवर कोरावे, छापणाऱ्याने प्रत्येक रंगास निराळी फळी घ्यावी आणि प्रकाशकाने भांडवल पुरवावे, असा हा चौघांचा व्यवहार असे. सुरतेकडील छिपा ठसा उचलून कापडावर उमटवितो, तर जपानी कारागीर कागदच फळीवर ठेवून घाशी. रंग रेषेबाहेर जाऊ न देण्याची कसोटी मात्र दोघांसही एकच. १७६५ च्या सुमारास बहुरंगी छपाई साधली, तेव्हा तिला 'निशिकी-ए' म्हणजे किनखापी चित्र हे नाव मिळाले. किनखापाच्या या गावी त्याचा अर्थ वेगळा सांगावयास नको.

काबुकीत १६२९ पासून स्त्रियांना बंदी होती. स्त्रीभूमिका पुरुषच करीत. मराठी रंगभूमीवर बालगंधर्वांनी आणि गुजराती रंगभूमीवर जयशंकर 'सुंदरी' यांनी जशी स्त्रियांच्या वेशभूषेला वळणे दिली, तशीच ती एदोतील नटांनीही दिली, आणि स्वस्त चित्रांनी ती घरोघर पोहोचविली.

या चित्रांत प्रेक्षकांना हवे असे ते सौंदर्य. १७९४ साली शाराकू नावाच्या चित्रकाराने मात्र स्त्रीवेषाआडची पुरुषी हनुवटी आणि उतरते वयही रेखाटले. सुमारे दहा महिन्यांत त्याची १४० हून अधिक चित्रे निघाली, आणि मग त्याचे काम कायमचे थांबले. त्याने सत्य फारच जवळून दाखविले, म्हणून तो टिकला नाही, असा अभिप्राय पुढे एका जपानी लेखकाने नोंदविला. १९१० साली युलिउस कुर्थ या जर्मन अभ्यासकाचा ग्रंथ निघाला आणि शाराकूची थोरवी जगापुढे आली.

बालगंधर्वांची मोहक छायाचित्रे रसिकांनी जिवापाड जपली. तथापि वय उतरणीस लागल्यावरही ते शालू नेसून रंगमंचावर उभे राहत. त्या जिद्दीचे चित्र काढावयास एखादा शाराकूच हवा होता. नटावरील प्रेमाने त्याचे रूप जपले जाते. त्याचे कष्ट जपावयाचे तर सत्य पाहण्याचे धैर्यही लागते.