आकाशचिन्हांचे अर्थकारण

(छत्रपती संभाजीनगर येथे कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



महानगरपालिकांच्या कारभारात ‘आकाशचिन्ह’ असा एक शब्द रूढ आहे. ऐकताना तो एखाद्या कवितेतला वाटावा; प्रत्यक्षात तो ‘स्काय-साइन’ या कायद्यातील संज्ञेचा तर्जुमा आहे. गच्चीवर किंवा खांबांवर उभारलेला, आकाशाच्या पार्श्वभूमीवर दिसणारा जाहिरातफलक म्हणजे आकाशचिन्ह. पुण्यात आणि पिंपरी-चिंचवडमध्ये तर ‘आकाशचिन्ह व परवाना’ या नावाचा विभागच आहे. १९४९ च्या महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमातील कलम २४४ व २४५ या फलकांविषयी आहेत. मुंबईसाठी १८८८ च्या अधिनियमात कलम ३२८ व ३२८-अ आहेत. सर्वांचा मथितार्थ एकच, की आयुक्तांच्या लेखी परवानगीवाचून असा फलक उभारता येत नाही. त्याखाली राज्य सरकारने २००३ मध्ये नियम केले, पुन्हा २०२२ मध्ये केले. भिंती विद्रूप करण्याविरुद्ध १९९५ चा वेगळा कायदा आहे. तेव्हा कायदाच नाही, ही आपली नेहमीची तक्रार येथे चालणार नाही.

आणि तरीही दिवेलागणीनंतर क्रांती चौकातून जालना रस्त्याने सिडकोच्या दिशेने जाऊन पाहावे. शहर दिसत नाही. शहरावर टांगलेला बाजार दिसतो. ज्या शहराची ओळखच ऐतिहासिक दरवाजांची, तेथे सणासुदीला पैठण गेटची कमान कोणाच्या तरी हसऱ्या छायाचित्रामागे शोधावी लागते.

हा प्रश्न सौंदर्यदृष्टीचा आहे, सुखवस्तू माणसांच्या तक्रारीचा आहे, कष्टकऱ्यांच्या पक्षाने त्यात वेळ का घालवावा, असे आपल्यापैकी काहींना वाटत असेल. त्यांनी आधी मृतांची यादी पाहावी. ५ ऑक्टोबर २०१८ रोजी पुण्यात जुन्या बाजाराच्या चौकात फलकाचा लोखंडी सांगाडा भररस्त्यावर कोसळला आणि चार माणसे गेली. १७ एप्रिल २०२३ रोजी पिंपरी-चिंचवडच्या हद्दीत किवळे येथे वादळी पावसात फलक पडून पाच जण गेले. १३ मे २०२४ रोजी घाटकोपरच्या छेडानगरमध्ये पेट्रोलपंपावर पडलेल्या फलकाखाली सतरा माणसे मेली आणि सत्तरांहून अधिक जखमी झाली. हे मृत कोण होते? सिग्नलला थांबलेले, पावसापासून आडोसा शोधणारे, पेट्रोल भरायला आलेले. वातानुकूलित मोटारीच्या काचेआड बसून फलकाचा त्रास होतो तो डोळ्यांना. रस्त्यावर उभे राहून ज्यांचा दिवस जातो त्यांच्या डोक्यावर तो पडतो.

घाटकोपरचा फलक एकशे वीस फूट लांब आणि तितकाच उंच होता. मुंबई महानगरपालिका चाळीस बाय चाळीस फुटांपलीकडे परवानगी देत नाही. म्हणजे क्षेत्रफळाने नऊपट! एवढा फलक कोणाच्या नजरेतून सुटणे शक्य नाही. तो सुटला, कारण जमीन रेल्वे पोलिसांच्या ताब्यातील होती, आणि तेथे महापालिकेचा परवाना लागतच नाही असा पवित्रा घेतला गेला. पुण्यातला सांगाडाही रेल्वेच्याच जागेत होता. वारा मात्र जमिनीचा सातबारा पाहून वाहत नाही. फलक म्हणजे एक शीडच असते: क्षेत्रफळ नऊपट झाले की वाऱ्याचा जोरही निदान नऊपट होतो, आणि उंची वाढल्याने पायावरचा उलथून टाकणारा ताण त्याहूनही पुष्कळ अधिक वाढतो. मराठवाड्यात वळवाच्या पावसाआधी कसले वावटळीचे वारे सुटतात, ते मी आपणांस सांगायला नको.

आता माझ्या विषयाकडे, म्हणजे अर्थशास्त्राकडे येतो.

गच्चीवरच्या फलकाला भाडे मिळते ते कशाचे? गच्चीचे नव्हे. तीच गच्ची एखाद्या आडगल्लीत असती, तर तिला कोणी दमडीही दिली नसती. भाडे मिळते ते समोरच्या रस्त्याचे, आणि त्यावरून रोज जाणाऱ्या हजारो डोळ्यांचे. तो रस्ता सार्वजनिक पैशाने झाला. चौकात सिग्नल बसला, उड्डाणपूल झाला, वर्दळ वाढली, की फलकाचे मोल वाढते. मालकाने त्यासाठी काडीही हलवलेली नसते. रिकार्डोपासून आपण ज्याला ‘खंड’ म्हणत आलो, त्याचे इतके निर्भेळ उदाहरण शोधूनही सापडणार नाही. शेतजमिनीच्या खंडाविरुद्ध आपण पिढ्यान्‌पिढ्या लढलो. आकाशाच्या खंडाचा हिशेब मात्र कोणी मागितला नाही.

दुसरी गोष्ट. वर्तमानपत्रातली जाहिरात नको असेल तर पान उलटता येते, रेडिओ बंद करता येतो. रस्त्यावरच्या फलकाला बटण नाही. पाहणाऱ्याला विचारलेले नसते, मोबदला दिलेला नसतो, आणि तरी त्याचे लक्ष विकले गेलेले असते. अमेरिकेचे भारतातील राजदूत राहिलेले गालब्रेथ यांनी खाजगी श्रीमंती आणि सार्वजनिक दैन्य शेजारीशेजारी कसे नांदतात हे १९५८ मध्ये सांगितले, तेव्हा त्यांच्या चित्रात रस्त्याकडेचे हे फलकही होते. आमच्या शहराला वर्षानुवर्षे नळाचे पाणी कित्येक दिवसांच्या अंतराने मिळत आले. त्याच रस्त्यांवर थंड पेयांच्या जाहिराती रात्रभर झळकत राहिल्या. याहून वेगळे भाष्य करण्याची गरज नाही.

मग नगरपालिकांनी कर का घेऊ नये? येथे एक गोष्ट झाली आहे, जिची चर्चा आपल्या वर्तुळात पुरेशी झालेली नाही. घटनेच्या राज्यसूचीत पंचावन्नाव्या क्रमांकावर जाहिरातींवरील कराचा विषय होता. २०१६ च्या एकशे एकाव्या घटनादुरुस्तीने तो वगळला गेला, आणि १ जुलै २०१७ पासून जाहिरात वस्तू व सेवा कराच्या पोटात गेली. कर आता दिल्ली आणि मुंबई वाटून घेतात. ज्या शहराचे आकाश विकले जाते त्याच्या हाती उरते परवाना शुल्क आणि स्वतःच्या जागेचे भाडे. परिणाम उघड आहे. करामध्ये निदान नियंत्रणाची शक्यता असते. परवाना शुल्कावर जगणाऱ्या संस्थेला अधिक परवाने देण्यात रस निर्माण होतो. महापालिका स्वतःच दिव्यांचे खांब, बसथांबे, दुभाजक ठेक्याने जाहिरातीस देते आणि दुसऱ्या हाताने नियमही राबवते. न्यायाधीश आणि भागीदार एकच असल्यावर निकाल काय लागायचा? त्यातून आपल्या शहरात लोकनियुक्त सभागृहाची मुदत एप्रिल २०२० मध्ये संपली आणि पुढे अनेक वर्षे प्रशासकाचा अंमल राहिला. त्या काळात कोणत्या चौकाचे आकाश कोणाला, किती वर्षांसाठी दिले, हे सभागृहात उभे राहून विचारणारा कोणी नव्हता.

आता उजेडाविषयी. हा भाग मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो.

पूर्वीचा फलक रंगाऱ्याच्या हातचा होता. त्यावर फार तर चार दिवे सोडलेले असत. संगणकावर छापलेल्या फ्लेक्सने त्या रंगाऱ्याचा धंदा बुडवला, ती एक वेगळी आणि दुःखद कथा आहे. त्यानंतर आता आले आहेत एलईडीचे हलते पडदे. हा पडदा भर दुपारी सूर्याशी स्पर्धा करू शकेल इतका प्रखर बनवलेला असतो. रात्री त्याच्या अगदी लहानशा अंशाने काम भागते. पण तो मंद करण्याची सक्ती नसेल तर कोण करील? अंधाराला सरावलेल्या डोळ्यावर असा झोत पडला की क्षणभर पुढचे काही दिसत नाही, आणि त्याच क्षणी रस्ता ओलांडणारी म्हातारी किंवा दिवा नसलेला सायकलस्वार समोर असतो. भारतीय रस्ते महासभेने १९७२ मध्येच रस्त्याकडेच्या जाहिरातींविषयी मार्गदर्शन दिले: चौकापासून शंभर मीटरच्या आत फलक नको, शहरात फार तर हे अंतर पन्नास मीटरपर्यंत आणावे. आमच्या शहरात चौक हीच फलकाची सर्वांत महाग जागा!

आवाजाविषयी आपल्या देशाने २००० मध्ये नियम केले. औद्योगिक, व्यापारी, निवासी आणि शांतता असे चार विभाग पाडले. निवासी भागात दिवसा पंचावन्न, रात्री पंचेचाळीस डेसिबल. शांतता विभागात पन्नास आणि चाळीस. रात्री दहा ते सकाळी सहा ही रात्र, हेही ठरले. त्यांची अंमलबजावणी कशी होते ते आपण गणपतीत आणि निवडणुकीत ऐकतोच. परंतु तक्रार करणाऱ्याच्या हातात आकडा तरी आहे. उजेडासाठी देशात असा एकही सर्वसाधारण नियम नाही. बेडरूमच्या खिडकीसमोर रात्रभर रंग बदलणारा पडदा लागला, तर रहिवाशाने कोणता आकडा घेऊन जावे?

जगात हे झालेले आहे. अमेरिकेतील फ्लॅगस्टाफ या गावाने १९५८ मध्ये जाहिरातीच्या शोधझोतांवर बंदी घातली, कारण गावाच्या टेकडीवर वेधशाळा होती. व्हरमाँट राज्याने १९६८ मध्ये रस्त्याकडेचे फलकच कायद्याने बंद केले. फ्रान्समध्ये २०१२ च्या नियमांनी प्रकाशित जाहिराती रात्री एक ते सहा विझवायला लावल्या. ब्राझीलच्या साओ पावलो या महानगराने १ जानेवारी २००७ पासून मोठे फलक सरसकट हटवले. फलक उतरल्यावर त्यांच्यामागच्या झोपडपट्ट्या लोकांना दिसू लागल्या, असे तेथील लोक सांगत. यांतील एकही समाजवादी राजवट नव्हती, हेही नमूद करतो. आपल्याकडे १९९७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दिल्लीच्या रस्त्यांवरील वाहतुकीस धोकादायक फलक काढण्याचा आदेश दिला होता. आणि आपल्याच राज्यातील पेंच व्याघ्र प्रकल्पाला जानेवारी २०२४ मध्ये ‘डार्क स्काय पार्क’ हा दर्जा मिळाला. वाघांसाठी आणि ताऱ्यांसाठी अंधार राखता येतो, तर आजारी माणसांसाठी घाटी रुग्णालयाच्या परिसरात का राखता येऊ नये?

शासनाला फलकांत बारकाईने लक्ष घालता येत नाही, असे म्हणावे तर तेही खरे नाही. मार्च २०२२ मध्ये विधिमंडळाने दुरुस्ती केली आणि लहानमोठ्या सर्व दुकानांच्या पाट्या मराठीत, देवनागरीत, आणि अक्षरांचा आकार इतर लिपीहून लहान नसावा, असे ठरवले. त्या दुरुस्तीचे मी स्वागतच करतो. परंतु अक्षराची लिपी आणि उंची मोजणाऱ्या राज्याला त्याच पाटीचा उजेड मोजणे अवघड का वाटावे?

म्हणून माझे म्हणणे असे, की शहराचे उजेडाच्या दृष्टीने विभाग पाडावेत. गुलमंडी, निराला बाजार, कॅनॉट यांसारख्या बाजारपेठेत फलक असोत, उजेडही असो; बाजार अंधारात भरावा असे मी म्हणत नाही, आणि लहान दुकानदाराच्या दारावरची पाटी हा माझ्या रागाचा विषयच नाही. स्वतःच्या दुकानाची पाटी आणि भाड्याने दिलेले आकाश यांत नियमांनी स्पष्ट भेद केला पाहिजे. निवासी वसाहतींत हलता पडदा नको, आणि प्रकाशित फलक रात्री दहाला विझावेत. रुग्णालये, मकबरा, पाणचक्की आणि शहराचे दरवाजे यांच्याभोवती भाड्याचे फलक नकोतच. रेल्वे असो, पोलीस असोत, एसटी असो, जमीन कोणाचीही असली तरी मोजपट्टी एकच असावी. आणि परवाने जाहीर लिलावाने, मर्यादित मुदतीसाठी द्यावेत, म्हणजे आकाशाचा खंड निदान ज्याचा त्याला, म्हणजे शहराला मिळेल.

आता आपल्या घरातले बोलतो. शहरातील बेकायदा फलकांपैकी पुष्कळसे कंपन्यांचे नसतात, ते पुढाऱ्यांचे असतात. वाढदिवस, निवड, अभिनंदन, दुःखद निधन. साताऱ्याच्या सुस्वराज्य फाउंडेशनच्या जनहित याचिकेवर मुंबई उच्च न्यायालयाने ३१ जानेवारी २०१७ रोजी निकाल दिला. बेकायदा फलक काढा, गुन्हे नोंदवा, असे महापालिकांना बजावले. राजकीय पक्षांकडून लेखी हमी घेतली गेली. त्या हमीचे काय झाले ते कोणत्याही चौकात दिसते. सप्टेंबर २०१९ मध्ये चेन्नईत सत्ताधारी पक्षाच्या एका पुढाऱ्याच्या घरच्या लग्नाचा फलक दुचाकीवरील तरुण अभियंता मुलीवर पडला आणि मागून आलेल्या टँकरखाली ती गेली. तो फलक कापडाचा होता की फ्लेक्सचा, कोणत्या पक्षाचा होता, याने काय फरक पडतो?

आपल्या चळवळीतले कार्यकर्ते गेरू आणि चुना घेऊन रात्री स्वतःच्या हाताने घोषणा रंगवीत. तेही भिंतमालकाला विचारून केलेले असेच, असे नाही. पण त्यात मजकूर असे; आजच्या फलकात चेहरे असतात, आणि चेहऱ्यांच्या रांगेत आपला क्रम कितवा यावर तालुक्याचे राजकारण ठरते. आपल्या शाखांनी परवान्यावाचून एकही फलक लावू नये, असा ठराव जिल्हा समितीत मांडण्याची माझी विनंती आहे. विरोधी सूर निघेल, ‘मग आम्ही दिसणार कसे?’ असे विचारले जाईल. त्याची चर्चा प्रश्नोत्तरांत अवश्य करू.

तोवर एक काम हाती घेता येईल. प्रत्येक प्रभागातील दोघांनी माहिती अधिकाराखाली अर्ज करावा. शुल्क दहा रुपये, उत्तर तीस दिवसांत मिळायला हवे. प्रभागातील परवानाधारक फलकांची यादी, प्रत्येकाचे मंजूर माप, परवान्याची मुदत, जमा झालेले शुल्क, सांगाड्याच्या मजबुतीचे प्रमाणपत्र आणि ते देणाऱ्या अभियंत्याचे नाव मागावे. यादी मिळाली की ती घेऊन रस्त्यावर उतरावे आणि फलक मोजावेत. यादीत नसलेला फलक कोणता, आणि यादीत असून मापाबाहेरचा कोणता, हे पावसाळ्याआधी लेखी कळवून पोच घ्यावी. रेल्वे आणि एसटीच्या जागेसाठी त्या त्या खात्याकडे वेगळा अर्ज लागेल. नमुने आपल्याकडे तयार ठेवले आहेत, ते मागच्या टेबलावर मिळतील.