स्वातंत्र्याची जोखीम

ज्यांच्या लेखी देव नाही, नियती नाही आणि जगण्याला आधीपासून नेमून दिलेला अर्थही नाही, ते अस्तित्ववादी म्हटले जाणारे लेखक सार्त्र आणि काम्यू आपल्या कादंबऱ्यांतून स्वैराचाराखेरीज दुसरे काय शिकवणार, अशी तक्रार आपल्याकडे वारंवार कानी येते. श्रोतेहो, ही तक्रार मला बिलकूल मंजूर नाही आणि आजची सारी मिनिटे मी तिच्याच खंडनात खर्ची घालणार आहे.

सन १९४५ च्या ऑक्टोबरात पॅरिसमध्ये दिलेल्या व्याख्यानात सार्त्रने आपल्या एका विद्यार्थ्याची हकीकत सांगितली. थोरला भाऊ युद्धात पडलेला, आई एकाकी. तिच्यापाशी राहावे की इंग्लंड गाठून स्वतंत्र फ्रेंच सैन्यात दाखल व्हावे, हा त्या तरुणाचा पेच. सार्त्रने कौल दिला नाही; तू मोकळा आहेस, तूच निवड, म्हणाला. आता पाहा, आपण मुहूर्ताला जोशीबुवांकडे जातो, कारण पुढे काही बिनसले तर दोष पंचांगाच्या माथी मारता येतो. पण कोणते जोशीबुवा अडचणी काढतात आणि कोणते चटकन काढीव मुहूर्त देतात, हे आपल्याला पक्के ठाऊक असते, आणि कार्य उरकायची घाई असली की पावले नेमकी दुसऱ्यांच्याच ओसरीकडे वळतात. मुहूर्त पंचांगातला, पण जोशी आपण निवडलेला! आणि कोणाकडेच गेलो नाही, तरी तिथी थोडीच थांबते?

काम्यू स्वतःला अस्तित्ववादी म्हणवून घेत नसे, हे तूर्त बाजूला ठेवू. त्याच्या १९४७ च्या ‘प्लेग’मध्ये ओरान शहराच्या वेशी बंद होतात आणि पॅरिसचा वार्ताहर रांबेर आत अडकतो. मी या गावचा नव्हे, असे सांगत तो कचेऱ्यांचे उंबरठे झिजवतो, डॉक्टर रियोंकडे निरोगीपणाचा दाखला मागतो, आणि तो मिळेना तेव्हा पहारेकऱ्यांशी संधान बांधतो. मात्र सारा बंदोबस्त झाल्यावर, निसटायच्या ऐन वेळी, तो डॉक्टरांना म्हणतो की मी राहतो, एकट्यानेच सुखी होण्याची लाज वाटेल. डॉक्टर त्याची पाठ थोपटीत नाहीत. सुख पत्करण्यात लाजण्याजोगे काही नाही, असेच उलट सांगतात. निर्णयाची जबाबदारी त्याच्यावरून कोणी उचलीत नाही! याला का स्वैराचार म्हणावयाचे?

काम्यूच्याच १९४२ च्या कादंबरीतील मर्सोवर खटला खुनाचा, पण सरकारी वकील आईच्या अंत्यविधीला तो रडला नाही हेच उगाळीत बसतो. त्याविषयी बोलायचे होते, याच विचारधारेतल्या सिमोन द बोव्हारचे तर नावच आत्ता निघते आहे, आणि वेळ संपली. तेव्हा पुन्हा तेच सांगतो: हे लेखक मनुष्याला मोकळा सोडीत नाहीत, त्याची सबब काढून घेतात. कृपा करून पुस्तके वाचा, मग तक्रार करा.