निर्वातांतील निळा लेप

कापराची वडी मंद आंचेवर ठेविली म्हणजे तिची वाफ होते व वर धरलेल्या थंड ताटलीवर पांढरा थर बसतो, हें पुष्कळांनीं शाळेंत पाहिलें असेल. सूर्यप्रकाशापासून वीज देणारा एक पापुद्रा याच रीतीनें तयार करितां येतो. मात्र कापराऐवजीं निळा रंग घ्यावयाचा, आणि सारी क्रिया हवा काढून टाकलेल्या बंद पात्रांत करावयाची.

हा रंग म्हणजे तांब्याचें थॅलोसायनिन होय. १९३५ सालापासून तो बाजारांत आहे. छापखान्याच्या शाईंत तो सर्रास खपतो, आणि गंमत अशी कीं, त्याच्या रेणूची घडण पानांतील हरितद्रव्याशीं बरीच जुळते. त्याच्यावर प्रकाश पडला म्हणजे लगेच वीज वाहूं लागते असें मात्र नाहीं. प्रकाशानें ऋण व धन भारांची जोडी निर्माण होते, पण ते परस्परांस सोडीत नाहींत. ही जोडी मिलिमीटरच्या सुमारें एक लक्षांशाइतकेंच अंतर भटकते. तेवढ्यांत ताटातूट झाली नाहीं, तर ती विरून जाते व मिळालेली शक्ति वायां जाते. लेप जाड केला तर जोड्या वाटेंतच संपतात. पातळ केला तर प्रकाशच आरपार निघून जातो.

अमेरिकेंतील रॉचेस्टर येथें ईस्टमन कोडॅक कंपनीच्या प्रयोगशाळेंत चिंग टँग यांनीं यावर तोड काढली व ती १९८६ सालीं प्रसिद्ध केली. त्यांनीं निळ्या लेपावर पेरिलीन जातीच्या दुसऱ्या रंगद्रव्याचा लेप चढविला. दोन्ही मिळून जाडी मिलिमीटरच्या दशसहस्रांशाहूनही कमी! या दोहोंच्या सीमेवर जोडी फुटते. एक भार इकडे जातो, दुसरा तिकडे. प्रकाशाच्या शक्तीपैकीं शेंकडा सुमारें एक भाग विजेच्या रूपानें हातीं आला. सिलिकॉनच्या घटानें १९५४ सालींच शेंकडा सहा गांठले होते, हें खरें. परंतु सेंद्रिय द्रव्यांच्या संशोधनास पुढील वाट मिळाली ती या सीमेमुळेंच.

निर्वाताचा आणखीही एक उपयोग आहे. पातळ रंगाचा एक हात वाळल्यावर दुसरा दिला, तर वरचा द्राव खालचा थर विरघळवूं शकतो. वाफेंत द्राव नसतोच, म्हणून थरावर थर बिनधोक बसतात. याच बळावर जर्मनींतील ड्रेस्डेन येथील हेलियाटेक कंपनीनें तीन निरनिराळीं शोषक द्रव्यें रचून २०१६ सालीं प्रयोगशाळेंत शेंकडा १३.२ चा आंकडा गांठला. बाजारांतील सिलिकॉनचीं तावदानें शेंकडा वीसाच्या पुढें गेलीं आहेत. तरीही हे लेप प्लॅस्टिकच्या लांब पट्टीवर चढवितां येतात, आणि कांचेचा भार न सोसणाऱ्या छपरावर अशी पट्टी चिकटवितां येते. अडचण आहे ती प्राणवायूची व ओलाव्याची. लेपाला घट्ट आवरण द्यावें लागतें, आणि त्यास एखादी बारीक फट पडली तरी तो कडेपासून निकामी होऊं लागतो.