यात्रेची फिरती खोली : नवी बांधावी की मालाच्या गाडीची करावी?

(सुवर्णमहोत्सवी समारंभात वाराणसी येथे दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



सुवर्णमहोत्सवाच्या व्यासपीठावरून काशीतील महाराष्ट्रीय विद्वत्परंपरेविषयी बोलणे अधिक औचित्याचे झाले असते. परंतु त्या विषयाचे अधिकारी येथे समोरच बसले आहेत, आणि मी पडलो यंत्रशाळेत आयुष्य काढलेला मनुष्य. शिवाय मंडळापुढे एक प्रश्न प्रत्यक्ष उभा आहे. माघमेळ्यासाठी प्रयागला आणि पुढे गयेला जाणाऱ्या आपल्या वृद्ध भगिनींकरिता, मोटारीमागे जोडून नेता येईल आणि मुक्कामी चौघींना निजता येईल अशी एक फिरती खोली करावी, असे कार्यकारिणीने ठरविले आहे. एका हितचिंतकांनी मालवाहतुकीचा एक बंद ट्रेलर विनामूल्य देऊ केला आहे. तो घेऊन त्याची खोली करावी, की नवीच बांधावी, एवढाच माझा आजचा विषय.

नारायणभट्टांनी सोळाव्या शतकात याच नगरीत राहून ‘त्रिस्थलीसेतु’ रचला, तेव्हापासून काशी, प्रयाग आणि गया या त्रयीचे विधिविधान आपल्याला तयार मिळाले. वाहनाचे मात्र ज्याचे त्याने पाहावयाचे! थोरल्या बाजीरावांच्या मातोश्री राधाबाई १७३५ साली उत्तरेच्या यात्रेस निघाल्या तेव्हा त्यांच्यामागे पेशव्यांची सत्ता होती. सामान्य यात्रेकरू पायी निघे, नाही तर बैलगाडीने. आणि पाहा, आजचा हा प्रश्न त्या बैलगाडीच्या काळीही होताच. ज्याला ऐपत असे तो माणसांसाठी वेगळी दमणी करवून घेई. ती हलकी, छपराची आणि बसण्याच्याच हिशेबाने बेतलेली. ज्याला ते परवडत नसे तो धान्याच्या खटाऱ्यात पेंढा अंथरी, वर बांबूच्या कमानी वाकवून घोंगडी टाकी आणि कुटुंबाला जत्रेला नेई. खटाऱ्यातून गेलेल्यांनाही पुण्य कमी मिळाले नसेल; कंबर मात्र अधिक दुखली असेल.

मालाच्या वाहनाचे घर करणे हे मुळातच चूक, असे माझे म्हणणे नाही. केरळातील केट्टुवळ्ळम नावाच्या नावा आपणांपैकी काहींनी पाहिल्या असतील. खिळा न वापरता काथ्याच्या दोरीने फळ्या शिवून केलेल्या या नावा कुट्टनाडचे भात कोचीपर्यंत वाहून नेत. रस्ते झाले, मालमोटारी आल्या आणि नावा पडून राहिल्या. १९९० नंतरच्या काही वर्षांत त्यांवर खोल्या उभारून पर्यटकांची घरे करण्यात आली, आणि ती उत्तम झाली. याचे कारण साधे आहे. टनावारी भात पेलणाऱ्या तळावर बांबूचटईच्या चार खोल्यांचा भार तो काय! पुढे मागणी वाढली तशा राहण्यासाठीच म्हणून नव्या नावाही बांधल्या जाऊ लागल्या. जुना सांगाडा सुदृढ असेल आणि नवे ओझे जुन्याहून हलके असेल, तर रूपांतर शोभते, हा धडा मी त्यातून घेतला.

आता माझ्या फजितीची हकीकत सांगतो. वीसेक वर्षांपूर्वी मी व माझ्या मेहुण्यांनी टेम्पोवरची एक बंद पत्र्याची पेटी भंगारातून घेतली, ती दोन चाकांच्या ट्रेलरवर बसविली, आत फळ्या ठोकल्या आणि आमच्या आईला घेऊन माघात संगमावर गेलो. बाहेर दाट धुके. थंडी म्हणून दार घट्ट लावून आम्ही चौघे आत निजलो. पहाटे आईच्या गोधडीवर छतातून टपटप पाणी पडू लागले. मेहुणे वर चढून भोक शोधू लागले. भोक कोठेच नव्हते! ते पाणी आमच्याच श्वासांचे होते. निजलेल्या एका माणसाच्या श्वासातून आणि घामातून रात्रभरात पेलाभर पाणी बाहेर पडते. गार पत्रा लागला की ते तेथेच थिजते. गव्हाच्या पोत्यांना श्वास नसतो, म्हणून पेटी करणाऱ्याने वाऱ्याची सोय केलेली नसते. दोष त्याचा नव्हता, आमचा होता.

परंतु पाण्याहून मोठी चूक दुसरीच होती. मालाच्या गाडीची तळफळी चाकांच्या वर, सुमारे अडीच फूट उंचीवर असते, कारण माल हमालाच्या खांद्यावरून उतरवायचा असतो. आईचे गुडघे तेव्हाच गेलेले. पहिल्या रात्री आम्ही तिला अक्षरशः उचलून आत घेतले. तिला ते इतके लाजिरवाणे वाटले, की उरलेल्या तीन रात्री ती शेजारच्या राहुटीत, जमिनीवर पेंढ्यात निजली. जिच्यासाठी तो खटाटोप, ती बाहेर आणि आम्ही आत! हे दृश्य मी आजही विसरलो नाही, आणि आज येथे उभा आहे तो त्यासाठीच.

पत्र्याच्या पेटीला आतून कापसासारखा रॉकवूल किंवा थर्माकोल लावता येतो. छताला झरोका आणि समोरासमोर दोन खिडक्या पाडता येतात, मात्र उभे खांब न कापता. कारण बंद पेटीत पत्रा आणि खांब मिळून भार पेलतात. पेटीची उंचीही एक वेळ वाढविता येईल, आणि ती वाढवावीच लागेल, कारण आमच्या काकूंना आत उभे राहून नऊवारी नेसता आले पाहिजे. तळफळीची उंची मात्र आस बदलल्यावाचून उतरत नाही. आस बदलायची, छत उचलायचे, भिंती कापायच्या, तर फुकट मिळालेल्यात उरले काय?

मुळापासून बांधणे म्हणजे चासीही घरीच जोडणे, असा मात्र कोणी अर्थ घेऊ नये. ट्रेलरला मान्यता आणि नोंदणी लागते, आणि १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ वाहनाच्या मूळ रचनेत मनमानी फेरफार करू देत नाही. सर्वोच्च न्यायालयानेही जानेवारी २०१९ मध्ये ते स्पष्ट केले आहे. म्हणून रूपांतर करावयाचे म्हटले तरी परिवहन कार्यालयाची पायरी चुकत नाही. आणि एक गोष्ट निक्षून सांगतो : चालत्या ट्रेलरमध्ये कोणीही बसायचे नाही. भगिनी मोटारीतून जातील, खोली मुक्कामापुरती.

तेव्हा माझे मत असे. चासी, आस, ब्रेक मान्यताप्राप्त कारखान्याचे, बसक्या आसाचे, नोंदणीसह घ्यावे. त्यावरील खोली आपण आपल्या मापाने बांधावी. यात खर्च अधिक आहे, हे मी लपवीत नाही. हौशी माणसाचा हात वजनाच्या बाबतीत फार सैल असतो, तेवढा आवरावा. १८ मिलिमीटर जाडीच्या प्लायवुडचा आठ बाय चारचा एक तक्ता सुमारे ३५ किलो भरतो. ६ मिलिमीटरचा त्याच्या तिसऱ्या हिश्श्याने. भिंतींना पातळच पुरे. पाण्याची टाकी मागच्या टोकाला ठेवू नये, कारण मागे भार गेला की वेगात ट्रेलर शेपूट हलवू लागतो. एकूण वजनाचा साधारण दहावा हिस्सा जोडावर, म्हणजे मोटारीच्या बाजूला, पडला पाहिजे. मेळ्यात वाळूवर लोखंडी पत्रे अंथरलेले रस्ते असतात आणि पीपांचे पूल ओलांडावे लागतात. तेथे जड वाहन कोणाच्याच कौतुकाचे नसते.

देऊ केलेला ट्रेलर आपण साभार परत करावा, असेही मी म्हणत नाही. तो जसा आहे तसाच, भांडी, तंबू आणि शिधा वाहण्यासाठी मागून घ्यावा. पंढरीच्या वारीत दिंडीमागे सामानाची मालमोटार असतेच की!

येत्या रविवारी सभागृहाच्या फरशीवर दहा फूट बाय सहा फुटांचा चौकोन खडूने आखून ठेवणार आहे. त्यात चौघींचे अंथरूण पडते की नाही, दार कोणीकडे हवे, पायरी किती इंचांची चढवते, हे तेथेच ठरवू. कार्यकारिणीचे सभासद आले नाहीत तरी चालेल. ज्यांचे गुडघे दुखतात त्या आजी आणि काकू मात्र अवश्य याव्यात.