काचेच्या बागेतले सफाईवाले

आज आपण बोलणार आहोत काचेच्या बरणीतल्या बागेबद्दल. ठाण्यात, कल्याणात, डोंबिवलीत फ्लॅटमध्ये राहणाऱ्यांना अंगण नसतं. मग हौस असलेले लोक टेबलावर मावेल अशी काचेची पेटी घेतात. तिच्यात माती, शेवाळ, नेचा आणि दोन-तीन छोटी झाडं लावतात. तिला टेरॅरियम म्हणतात. मुरबाड, शहापूर, भिवंडी, अंबरनाथ भागातल्या बचत गटांनी मनावर घेतलं, तर ही वस्तू आपल्यालाही करता येण्यासारखी आहे. माती, पातेरा, लाकडी कोळसा, नारळाचं सोडण हे सगळं आपल्या दारातच आहे.

पण अडचण अशी, की थोड्याच दिवसांत अशा बरणीत पांढरी बुरशी चढते. गळलेली पानं काळी पडतात, झाकण काढलं की वास येतो. गिऱ्हाईक परत फिरकत नाही आणि गटाचे पैसे बरणीतच कुजतात. म्हणून बाग सजवायची कशी, यापेक्षा ती साफ कोण ठेवणार, हे आज आधी पाहू.

बंद काचेत झाड जगतं, हे लोकांच्या लक्षात आलं ते लंडनमधल्या नॅथॅनिएल वॉर्ड नावाच्या डॉक्टरमुळे. १८२९ साली त्यांनी पतंगाचा कोश ओल्या मातीसह झाकणाच्या बाटलीत ठेवला होता. त्या मातीतून आपोआप नेचा आणि गवत उगवलं. दिवसा मातीतली वाफ काचेवर जमायची आणि थेंब होऊन पुन्हा मातीत उतरायची, त्यामुळे वरून पाणी घालायची गरजच पडेना. पुढे अशाच काचेच्या पेट्यांतून चीनमधली चहाची रोपं जहाजाने हिंदुस्थानात आली आणि हिमालयाच्या उतारावर लावली गेली.

पाण्याचा प्रश्न असा सुटला, पण गळलेल्या पानांचा राहिला. रानात पान गळलं तर ते कोणीतरी खातं. बरणीत खाणारं कोणी नसेल, तर तिथे बुरशीचंच राज्य होणार. म्हणून जाणकार मंडळी बरणीत दोन प्रकारचे बारीक जीव सोडतात. दोघेही आपल्या ओळखीचे आहेत.

पहिला जीव आपण रोज पाहतो, पण त्याला नावाने हाक मारत नाही. ओली कुंडी किंवा वीट उचला. खाली राखाडी, चपटे, पाठीवर पट्ट्यापट्ट्यांचं कवच असलेले, बोटाच्या नखापेक्षा लहान किडे लगबगीने पळतात. काही जातींचे हात लावला की गोळी होतात. याला इंग्रजीत आयसोपॉड म्हणतात. वाणी वेगळा. तो लांब असतो आणि त्याला पायच पाय असतात. याला मोजून चौदा पाय. गंमत म्हणजे हा खरा कीटकच नाही, तो खेकड्या-कोळंबीच्या कुळातला आहे. पाणी सोडून जमिनीवर आला, पण श्वास अजून पोटाखालच्या कल्ल्यासारख्या अवयवांनी घेतो. म्हणून त्याला ओल लागते. कोरडं पडलं तर तो गुदमरतो आणि पाण्यात बुडाला तरी मरतो. मादी अंडी पोटाखालच्या पिशवीत सांभाळते आणि पिल्लं तिथूनच बाहेर पडतात. हा चावत नाही, डसत नाही, माणसाला रोग देत नाही.

दुसरा आणखी बारीक. ओल्या पालापाचोळ्यात पांढरे ठिपके टुणकन उडताना दिसतात, ते स्प्रिंगटेल. शेपटीखाली काटकी दुमडलेली असते, ती सोडली की उडी. यांचं मुख्य खाणं बुरशी.

दोघांनी काम वाटून घेतलंय. आयसोपॉड मेलेलं पान कुरतडतो. त्यातलं थोडंच त्याला पचतं, बाकीचं चुरा होऊन बाहेर पडतं. त्या चुऱ्यावर सूक्ष्म जंतू चटकन काम करतात आणि झाडाला खत मिळतं. बुरशी वाढू लागली की स्प्रिंगटेल ती चरतात.

आता हे गोळा कसे करायचे? संध्याकाळी परसात ओल्या, सावलीच्या जागी काकडीची किंवा बटाट्याची चकती ठेवा आणि वर करवंटी पालथी घाला. सकाळी करवंटीखाली आयसोपॉड जमलेले असतात. स्प्रिंगटेलसाठी झाकणाच्या डब्यात लाकडी कोळशाचे तुकडे ठेवा, तळाशी थोडं पाणी घाला. पाचोळ्यातले पांढरे ठिपके त्यात झटका आणि अधूनमधून तांदळाचे दोन-तीन दाणे टाका. काही आठवड्यांत कोळसा ठिपक्यांनी भरतो. बरणीत सोडताना ते पाणीच ओतायचं, ठिपके त्याच्यावर तरंगत येतात.

एक नियम पक्का ठेवा. येऊरला किंवा कुठल्याही राखीव जंगलात जाऊन माती, शेवाळ, किडे आणायचे नाहीत. संजय गांधी राष्ट्रीय उद्यानातून काहीही उचलणं कायद्याने गुन्हा आहे, आणि आपल्या परसात हे सगळं असताना तिकडे जायचं कारणही नाही.

बरणी भरायची पद्धत ऐका. तळाशी दोन बोटं बारीक खडी, जास्तीचं पाणी तिथे उतरतं. त्यावर मच्छरदाणीच्या कापडाचा तुकडा, म्हणजे माती खाली जात नाही. मग कोळशाचा चुरा. त्यावर माती, सोडणाचा भुसा आणि जुनं शेणखत मिसळून चार बोटं थर. मग झाडं. कोरफड, निवडुंग लावू नका, बंद ओलीत ते सडतात. नेचा, शेवाळ, सावलीत वाढणारी बुटकी झाडं घ्या. सगळ्यांत वर वाळलेला पातेरा. तो काही शोभेसाठी नाही, ते या जिवांचं जेवण आहे. आंब्या-फणसाची पानं चालतील, मात्र फवारणी झालेल्या बागेतली नकोत. पानं आधी उकळत्या पाण्यातून काढून उन्हात वाळवा, नाहीतर गोगलगायीची अंडी किंवा गोमेचं पिल्लू बरणीत जाईल. अंड्याचं टरफल धुऊन, कुटून चिमूटभर टाका. कवच घडवायला आयसोपॉडला चुना लागतो.

लहान बरणीत फक्त स्प्रिंगटेल सोडा. रुंद, मोठी पेटी असेल तरच आठ-दहा आयसोपॉड. लोभाने जास्त सोडले तर पातेरा लवकर संपतो आणि मग ते कोवळ्या कोंबांना तोंड लावतात. हीच गोष्ट रोपवाटिकेची, बी पेरलेल्या वाफ्यात त्यांना मुद्दाम सोडू नका. बरणी थेट उन्हात ठेवायची नाही, काचेत सगळं शिजून निघतं. काच सतत धुरकट असेल तर झाकण दिवसभर उघडं ठेवा. पहिल्या दोन-तीन आठवड्यांत थोडी बुरशी येतेच, घाबरू नका, स्प्रिंगटेल वाढले की ती हटते. म्हणून बरणी भरल्याबरोबर विकू नका. महिना-दीड महिना घरी ठेवा. जी टिकली ती बाजारात न्या. विकताना गिऱ्हाइकाला सांगा, "ताई, आत किडे आहेत, ते मुद्दाम सोडलेत, औषध मारू नका." हे लपवलं तर पहिला किडा दिसताच बरणी परत येईल.

शहरात परदेशी रंगीबेरंगी आयसोपॉडही हौसेने पाळतात. त्यांच्या वाटेला जाऊ नका. बाहेरचा जीव आपल्या मातीत सुटला तर पुढे काय करील, कोण सांगणार? आपल्या परसातला राखाडीच बरा.

मैत्रिणींनो, बरणीत जे खरं, तेच शेतात आणि शहरात खरं. मेलेलं पान खाणारे आहेत, म्हणून जिवंत पानाला खायला मिळतं. आणि आपण काय करतो? कवळं तोडायची, पातेरा गोळा करायचा, डोक्यावरून भारे वाहायचे आणि आवणाच्या जागेवर राब भाजायचा. त्यामागे कारण आहे. तणाचं बी जळतं, राख मिळते. आपल्या सासवा-आजेसासवा काही अडाणी नव्हत्या. पण त्याच आगीत वरच्या थरातले हे सफाईवालेही जळतात, आणि भारे वाहून मान मोडते ती बाईचीच. दापोलीचं कोकण कृषी विद्यापीठ गादीवाफ्यावर रोपं करायला सांगतं. नेरळच्या सगुणा बागेत चंद्रशेखर भडसावळे यांनी सगुणा भात तंत्र उभं केलं. त्यात चिखलणी आणि लावणी नाही, गादीवाफ्यावर टोकणी करतात आणि कापणीनंतर मुळं जमिनीतच राहू देतात. ती मुळं म्हणजे मातीतल्या जिवांची शिधाशिदोरी. सगळं रान एकदम बदलायची गरज नाही. यंदा एका वाफ्यावर राब न भाजता करून पाहा आणि शेजारच्या वाफ्याशी ताडून बघा.

शहराने तर हे विसरण्याची मोठी किंमत मोजली. कल्याणच्या आधारवाडीवर वर्षानुवर्षं ओला-सुका कचरा एकत्र पडत राहिला आणि त्याचा डोंगर झाला. त्याच्या आगीचा धूर आसपासच्या घरांत शिरायचा. कचऱ्याची सोय नाही म्हणून एप्रिल २०१५ मध्ये उच्च न्यायालयाने कल्याण-डोंबिवलीत नव्या बांधकामांच्या परवानग्याच थांबवल्या. मे २०२० मध्ये महापालिकेने शून्य कचरा मोहीम सुरू केली. घरोघरी ओला-सुका वेगळा करायला लावला, आणि २०२१ मध्ये आधारवाडीवर कचरा टाकणं बंद झालं. ज्या ओल्या कचऱ्याचा डोंगर झाला, त्यातला बराचसा योग्य जागी पडला असता तर या बारीक जिवांनी आणि गांडुळांनी खाऊन टाकला असता.

तर पुढच्या बैठकीआधी प्रत्येकीने एवढं करावं. परसातली एक ओली कुंडी उचलून खाली कोण आहे ते बघावं. पातेऱ्याचा एक कोपरा न झाडता, न जाळता तसाच ठेवावा. आणि गटाने मिळून एकच बरणी भरून बैठकीच्या जागी ठेवावी. दीड महिन्याने झाकण उघडा. ओल्या रानासारखा वास आला, तर दहा बरण्यांचा विचार करा. कुजका वास आला, तर पातेरा, पाणी आणि सफाईवाले यांतलं काय कमी-जास्त झालं ते एकमेकींना विचारा आणि पुन्हा भरा.